आरशातली गल्ली

बुन्सेई शकाचं सातवं वर्ष, दुसरा महिना, अठरावा दिवस

आज पहिल्यांदा हातात कुंचला धरवला, तेव्हा आधी घडलं काय ते लिहून टाकतो. नाहीतर लोक आहेतच सांगायला. हानबेई चितारी साके ढोसून कालव्यात पडला, असं न्हाव्याकडं बोलतात म्हणे. साफ खोटं आहे. मी पूर्ण शुद्धीत होतो. दोन हमाल बांबूला पिंप अडकवून पुलाकडं निघाले होते. ओझ्याखाली पुढच्याचा गुडघा कसा वाकतो ते मला हवं होतं. मागून दिसेना, म्हणून त्यांच्या पुढं होऊन मी मागं मागं चालत होतो. दोघंही जिवाच्या आकांतानं ओरडत होते. मला वाटलं, वाट सोड म्हणतायत. ते सांगत होते की मागं घाटाच्या पायऱ्या आहेत.

खुब्याचं हाड मोडलं. हाडवैद्य म्हणाला, पाठीवर पडून राहायचं, कूससुद्धा बदलायची नाही. मी विचारलं, "कधीपर्यंत?" तर म्हणाला, "पानं गळेपर्यंत." अजून चेरी फुललेली नाही.

गुडघा मात्र छान दिसला होता.

तिसरा महिना, तिसरा दिवस

सुमियोशिया पुस्तकवाल्यांकडनं अंडी आली, आणि अंड्यांबरोबर निरोप. माझ्या चित्रांच्या पुस्तकाचा पहिला भाग अजून खपतोय, दुसऱ्यासाठी गिऱ्हाईक विचारतंय. पितरांच्या सणाआधी सगळे कागद हातात आले तर ठीक, नाहीतर एदोहून कुणी तरुण चितारी आलाय, त्याला सांगावं लागेल. तब्येतीला जपा. अंडी ताजी आहेत.

पहिल्या भागात होतं तरी काय? रस्त्यावरची माणसं. शिंकणारी, धावणारी, वाऱ्यानं छत्री उलटलेली, ओझं उतरवून कंबर धरणारी. गप्प बसलेला माणूस मला कधीच काढता आला नाही, हलला की तो माझा. आता मीच हलत नाही. आढ्याला एक कोळी आहे, तोही हलत नाही.

चार दिवस आठवणीतनं काढून बघितलं. सगळ्या बाहुल्या झाल्या. बायकोला, ओनुईला, म्हटलं, शाईचा दगड धुऊन आत ठेवून दे, माझं संपलं. ती म्हणाली, "राहू दे तिथंच. धुवायला पाणी नाही." भरलेली बादली मला इथनं दिसत होती. पण वाद घालायलाही अंगात जोर लागतो.

तिसरा महिना, अकरावा दिवस

ओनुईला वेड लागलं असावं. गल्लीत आरसे घासणारा आला, तर हिनं लग्नातला काशाचा आरसा काढला. कित्येक वर्षं तो काळा पडून पेटीत होता. मी म्हटलं, "या वयात कुणाला तोंड दाखवायचंय?"

"गल्लीचं तोंड दाखवायचंय. तुम्हाला."

मग तिनं तोकुझोला बोलावलं. हा तोकुझो पुलाखाली बसून बादल्या नि पिंपं करतो. बाहेरनं शिडी लावून तो वर चढला आणि माझ्या खिडकीच्या वळचणीला आरसा बांधू लागला.

"काका, वर घेऊ का खाली?"

"खाली. अरे, इतका नाही. आता तुझं डोकं बाजूला कर, गल्लीऐवजी तेच दिसतंय!"

"एवढं मोठं आहे का हो माझं डोकं?"

"मोठं नाही रे, रिकामं आहे, म्हणून पसरट दिसतं."

त्यानं डोकं बाजूला केलं आणि आरशात गल्ली उतरली. एक बाई पायातला खडा काढत एका पायावर नाचत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ओनुईला सांगितलं की काशाची चकाकी डोळ्यांवर आली.

आरशात डावं उजवं बदलतं, हे मला कुणी सांगायला नको. काढताना हात आपोआप फिरवून घेईल. जन्मभर कुंचला धरलाय, मुळे नाही विकले... नाही, हे जरा जास्तच झालं. पण फिरवून घेईल.

चौथा महिना, दुसरा दिवस

ओनुईनं पोटावर टेकेल अशी कलती फळी करून घेतली. कागद तिच्यावर लावायचा, मान उशीवर, डोळे आरशात. पहिले काही दिवस दर रेषेला थांबून डावं उजवं करत बसलो. तेवढ्यात माणूस निघून जाई. आज ठरवलं, डोकं बंद करायचं. डोळ्यानं बघायचं आणि हातानं उतरवायचं, मध्ये कुणी लुडबुड करायची नाही. संध्याकाळपर्यंत अकरा माणसं झाली आणि अकराही चालताहेत! कावड घेतलेली ओतोमे टोफूवाली तर अशी आली की तिच्या टोपल्यांचं हिंदकळणंसुद्धा कागदावर दिसतं.

ओनुईनं तो कागद उचलून खिडकीपाशी नेला. बराच वेळ बघत राहिली. माझ्याकडं वळली, काहीतरी बोलणार होती. मी त्या वेळी दुसरी वाटी भात मागत होतो. पडल्यापासून पहिल्यांदाच.

"छान आहे," ती म्हणाली, आणि भात आणायला गेली.

चौथा महिना, वीस

बायकोचं कौतुक करावं तर ही अशी. काढलेले कागद ती पुढच्या कागदी दारावर एकेक टांगते, शाई वाळावी म्हणून. ते ठीक. पण सगळे उलटे! शाईची बाजू दाराकडं, पाठ माझ्याकडं. कागद तलम आहे, माणसं पाठीमागनंही दिसतात, पण पाठ ती पाठ. चाळीस वर्षं चिताऱ्याच्या घरात काढली, आणि हिला कागद टांगता येत नाही.

"अगं, सुलटे लाव की."

"शाईवर उजेड पडला तर उडते."

असलं काही मी बापजन्मी ऐकलं नव्हतं. पण मी काढलेल्या कागदाकडं परत बघत नाही. मागं वळून बघत बसलं की हात भित्रा होतो. तेव्हा टांगू दे तिला कसे टांगायचे ते.

पाचवा महिना, सहावा दिवस

मी नशीबवान माणूस आहे, हे इथं लिहून ठेवतो. नेमका मी आडवा पडलो त्याच वर्षी आमच्या मेल्या गल्लीत जीव आला. पूर्वी दिवसभरात दोन मांजरं आणि एक भिक्षू जायचा. आता बघा. तोकुझो पुलाखालची जागा सोडून माझ्या खिडकीखाली पिंप ठोकायला येतो. म्हणतो, तिथं ऊन फार. इथं तर टळटळीत ऊन असतं! असो. पिंपाभोवती तो गोल गोल पळत बांबूचं कडं ठोकतो ते बघायला मिळतं, मला काय करायचंय. देवळाजवळचे दोघे पैलवान भांडण मिटवायला इथंच आले आणि तिसऱ्या झोंबीत एकमेकांच्या गळ्यात पडून हसायला लागले. ते सगळं मी पकडलं, हसणंसुद्धा.

ओतोमे दिवसातनं तीनदा येते. पूर्वी एकदाच यायची.

तक्रार एकच. सकाळी टोफू, दुपारी टोफू, रात्री मिसोची चटणी लावून भाजलेला टोफू. "आपण मठात राहतो का?" असं विचारलं तर ओनुई म्हणाली, "हाडाला चांगला असतो." ज्याला हाडच नाही तो हाडाला कसा चांगला? शिवाय माणसं दोन आणि घरात नव्या बादल्या चार झाल्या.

पाचवा महिना, तेवीस

पावसाळा लागून बरेच दिवस झाले. पावसात शहाणी माणसं घरात बसतात. आमच्या गल्लीतली सोडून. आज एक हमाल गवताचं इरलं पांघरून तीच ती पोती घेऊन इकडनं तिकडं गेला आणि तिकडनं परत इकडं आला. वाट चुकला असावा. पण पाठीवरनं पाणी निथळताना गुडघा कसा वाकतो तो अखेर मिळाला! ज्यापायी हाड मोडलं तो गुडघा चालत माझ्या दारी आला. मी आरशाला हात जोडले.

ओनुई कोपऱ्यात बसून सारखी शिवत असते. विचारलं, एवढं कुणाचं शिवतेस? "पडलं होतं जुनं," म्हणाली. तोकुझोच्या अंगात आज नवा कुडता दिसला. बायकोशी त्याचं पुन्हा जमलेलं दिसतंय. बरं झालं.

सातवा महिना, सहावा दिवस

हे लिहायला हात उठत नाही.

काम जवळजवळ झालं होतं. माणसं शंभराच्या वर गेली होती. सणासाठी गल्लीत कंदील लागायला लागलेत. ओतोमेचा नवरा गेल्या वर्षी गेला, त्याचा हा पहिलाच पितरांचा सण. टोफू द्यायला ती वर आली तेव्हा नुकताच तिला काढलेला कागद माझ्या फळीवर होता. कावड खांद्यावरनं उतरवताना ती एक पाय मागं टाकते, ते आज फारच सुरेख साधलं होतं. म्हटलं, बिचारीला जरा आनंद होईल. कागद तिच्या हातात दिला.

ती हसली. मग हसू गेलं.

"काका, माझी उजवी बाजू वर का?"

मला कळलंच नाही.

"किमोनोची उजवी बाजू वर घेतलीय तुम्ही." तिनं स्वतःच्या गळ्याशी हात नेला. "गेल्या वर्षी याच हातांनी ह्यांना असं नेसवलं. तिरडीवर ठेवताना. जिवंत माणसाला कुणी असं नेसवतं का हो? मी काय तुमच्या डोळ्यांनी मेले का?"

"अगं ओतोमे, आरसा..."

ती ऐकायला थांबली नाही. कावड खालीच विसरून गेली.

ओनुईला म्हटलं, सगळे कागद काढून दे. तिनं दिले. एकेक सुलटा धरून बघितला. तोकुझो मेलेला. दोन्ही पैलवान मेलेले, एकमेकांच्या गळ्यात पडून हसणारे मेलेले. खडा काढणारी बाई, माझा हमाल, सगळ्यांची उजवी बाजू वर, सगळ्यांची हत्यारं डाव्या हातात. हात फिरवून घेईल म्हणे! हात काय फिरवतो, कप्पाळ! चांगल्या जित्याजागत्या गल्लीला मी कफन नेसवलं, तेही ऐन पितरांच्या सणाला.

नव्यानं काढायला वेळ नाही आणि हिंमतही नाही. हालचाल परत काढायला गेलं की ती मरते. ओनुईला सांगितलं, हे सगळं चुलीत घाल.

"चूल विझलीय," ती म्हणाली.

सातवा महिना, सातवा दिवस

गल्ली रिकामी. तोकुझो आला नाही. ओतोमेची हाक नाही. दिवसभर आरशात एक मांजर. त्यांचा दोष नाही. माझ्या खिडकीखालनं मीसुद्धा गेलो नसतो.

ओनुईनं माझं न ऐकता कागद परत टांगले, पूर्वीसारखेच उलटे. मी तोंड फिरवून पडलो. मग ती बाहेर गेली ती बराच वेळ आली नाही. आली तेव्हा डोळे लाल होते. म्हणाली, "ओतोमेकडं बसले होते. दोघी रडलो थोडं. सणाचा दिवा लावायला उद्या आपल्याकडं ये म्हटलंय तिला."

"ती कशाला येतेय?"

"बघू," म्हणाली.

सातवा महिना, आठवा दिवस

देवाची कृपा, दुसरा शब्द नाही. सकाळी डोळे उघडले ते समोरच्या कागदी दाराकडं. ऊन थेट त्याच्यावर आलं होतं आणि टांगलेल्या कागदांतनं आरपार येत होतं. तोकुझो उजव्या हातानं कडं ठोकत होता. ओतोमे कावड उतरवत होती, आणि तिच्या किमोनोची डावी बाजू वर होती. मी डोळे चोळले. डावीच वर. सगळ्यांची डावी वर. सगळे जिवंत!

तीन महिने हे कागद रोज डोळ्यांसमोर होते. पाठ ती पाठ म्हणून मी बघितलं नाही.

"ओनुई! इहेईला बोलाव!" असा ओरडलो की खालची मांजरं पळाली.

इहेई म्हणजे सुमियोशियांच्या फळ्या कोरणारा. आमच्या धंद्यात चिताऱ्याचा कागद फळीवर पालथा चिकटवतात, शाई लाकडाकडं. मग पाठीमागनं दिसणाऱ्या रेषेवर कोरतात, म्हणजे छापताना उलट्याचं सुलट होतं. कोरता कोरता कागद संपतो. मूळ चित्र कुणाकडंच उरत नाही, चिताऱ्याकडंही नाही. इहेई आला तेव्हा मी विचारलं, "कागद पालथा न लावता उताणा लावलास तर?"

त्यानं कपाळावर हात मारला. "तर छापताना उलटं येईल. त्याच चुकीसाठी माझ्या पाठीवर फळी बसली होती, शिकत होतो तेव्हा."

"माझी माणसं आधीच उलटी आहेत."

त्यानं एक कागद उचलला, सुलटा बघितला, उलटा करून उजेडाला धरला, आणि असा हसायला लागला की चटईवर बसलाच. "म्हणजे तुम्ही चुकलात आणि मीही चुकायचं! दोघं चुकलो की पुस्तक बरोबर. हानबेई, हे मालकांना सांगायचं कुणी?"

"छापून झाल्यावर सांग."

ओतोमे संध्याकाळी आली, ओनुई म्हणाली होती तशी. मी तिला कागद पाठीमागनं दाखवला. तिनं पुन्हा पुन्हा उलटा सुलटा करून बघितला. मग म्हणाली, "बाई गं, मी कावड उतरवताना अशी दिसते? ह्यांना फार आवडायचं ते. म्हणायचे, राणी पालखीतनं उतरतेय जशी." आणि रडली, पण कालचं रडणं वेगळं होतं.

ओनुईची कागद टांगायची वेडगळ सवय नसती तर आज चुलीत राख असती. माणसाचं अज्ञानसुद्धा कधी कधी उपकार करतं. तिला तसं म्हणालो. "हो ना," म्हणाली आणि दिव्यात तेल घालायला लागली.

दहावा महिना, चौथा दिवस

पानं गळली. काठी टेकत खिडकीपर्यंत जाऊन बसतो. आज पुस्तक आलं. पान उलटावं तसे सगळे चालत आले माझ्या घरात. एकाचीही उजवी बाजू वर नाही. संध्याकाळी गल्लीच वर आली. तोकुझोनं स्वतःला शोधून काढलं आणि म्हणाला, "काका, डोकं खरंच मोठं आहे." ओतोमेनं आपलं पान हातात घेतलं. जाताना माझ्यासमोर इतकी खाली वाकली की मलाच लाज वाटली.

सगळ्यांना वाटून दोन पुस्तकं उरली. फार भरून पावलो.

दहावा महिना, नववा दिवस

आज बऱ्याच दिवसांनी काढायला बसलो. आरसा ओनुईला परत दिलाय. खिडकीतनं खाली थेट दिसतं, पण दिसायला काही नाही. गल्ली पुन्हा पूर्वीसारखी झाली. दोन मांजरं, एक भिक्षू. शेवटी भिक्षूलाच काढलं.

ओनुईनं कागद घेतला, बघितला आणि दारावर टांगला. सुलटा! शाईची बाजू माझ्याकडं.

"चाळीस वर्षांनी शिकलीस म्हणायची," मी म्हणालो.

"आता तुम्ही सरळ बघता ना," असं म्हणून ती जिना उतरून गेली.

हे वाक्य गंमत म्हणून लिहायला घेतलं आणि लिहिता लिहिता कुंचला थांबला.

ती पहिल्या दिवशी कागद घेऊन खिडकीपाशी उभी होती. माझ्याकडं वळली होती. उजवी बाजू वर आलीय हे तिनं तेव्हाच पाहिलं होतं, पण मी भात मागत होतो.

खाली गल्लीत कुणी नाही. तोकुझोची ठोकाठोक पुलाकडनं येतेय, मी पडण्याआधी यायची तिथनंच. ओतोमे सकाळी एकदा येऊन गेली, आता उद्या. चार बादल्या जिन्याखाली एकात एक घालून ठेवल्यात. टोफू घेऊन, बादल्या घेऊन, कुडते शिवून देऊन तिनंच सगळ्यांना माझ्या खिडकीखाली आणलं होतं, आणि मला वाटलं होतं की मी नशीबवान! हलणाऱ्या माणसांचा चितारी म्हणे मी. माझ्यासाठी कोण किती हललं ते आरशात मावलंच नव्हतं, ती सगळा वेळ माझ्या मागं कोपऱ्यात शिवत बसली होती. पुस्तकात शंभरावर माणसं आहेत, ओनुई कुठंच नाही.

तिला हाक मारली. ती हात पुसत वर आली. "आता काय हवंय? भात चुलीवर आहे."

पुष्कळ बोलायचं होतं. तोंडातनं निघालं एवढंच, "उद्या टोफू कर. ओतोमेकडनं जास्तच घे."

तिचे पुसते हात थांबले. मग हळूच म्हणाली, "कळलं वाटतं."

"कळलं. उशिरा कळलं. ओनुई, मी तुझा फार ऋणी आहे. बैस."

"भात करपेल हो."

"करपू दे."

ती बसली. उजेड असेपर्यंत तिला काढलं. ती सारखी बाहीशी चाळा करत होती, मान खाली घालत होती, हसू आवरत होती, म्हणून साधली. गप्प बसली असती तर मला आली नसती. डावी बाजू वर आहे ना ते तीनदा तपासलं. हा कागद इहेईला द्यायचा नाही, फळीवर चिकटवून संपवायचा नाही.

भात करपलाच. तळातला काळा मी मागून घेतला. मिसोबरोबर चांगला लागला.